चार बोटं अलीकडे

मला या घरात आणण्यात कोणाचा काय फायदा होता, ते आधी सांगते. म्हणजे शेवटचा हिशोब समजायला सोपा जाईल.

सुनेला गरम जेवण मिळणार होतं. बरेच महिने तिला ते मिळालं नव्हतं. सासऱ्यांच्या हातांना कंप होता, म्हणून आधी ती त्यांना भरवायची आणि मग स्वतः जेवायला बसायची. तोवर तिच्या ताटातल्या भाताचा गार गोळा झालेला असायचा. तिच्या नवऱ्याला शांतता मिळणार होती. भरवायची पाळी त्याच्यावर आली की बापलेकांचं दुसऱ्याच घासाला वाजायचं. राहिले सासरे. त्यांचा काय फायदा, याचा विचार कोणी केलाच नव्हता. त्यांच्या पोटात अन्न जातंय, आणखी काय हवं, असं सगळे धरून चालले होते.

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. पंख्यात असते तसली नव्हे. पंख्याची मोटर कळ दाबली की फिरत सुटते आणि बंद केली की थांबते. मधल्या वेळात आपण कुठवर आलो, हे तिला कोणी विचारत नाही आणि विचारलं तरी तिला सांगता येणार नाही. मी सर्वो मोटर. 'अमुक कोनात जाऊन उभी राहा' म्हटलं की मी तिथे जाते, तिथेच उभी राहते आणि कोणी ढकललं तरी जागा सोडत नाही. शिवाय माझ्या पोटात नखाएवढा एक मेंदू बसवलेला आहे. मी कुठे आहे, माझ्यावर किती भार आहे, मी किती तापले आहे, हे कोणी विचारलं तर मी खरं खरं सांगून टाकते. 'कशी आहेस' या प्रश्नाला 'ठीक आहे' असं उत्तर द्यायची सोय माझ्यात नाही. म्हणून मला स्मार्ट म्हणतात. माणसांमध्ये अशा स्वभावाला दुसरे शब्द आहेत.

मला डोळे नाहीत. पण कोन, भार आणि उष्णता एवढ्यावर माणसं पुष्कळ ओळखता येतात. उरलेलं मला घरातल्या बोलण्यावरून कळलं. या घरात बोलण्याची कधी टंचाई पडलेली नाही.

माझा आकार काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. आत केसासारख्या तारेचं वेटोळं, एकमेकांत दात अडकवून बसलेली छोटी छोटी चाकं, आणि तो मेंदू. आम्ही जिथे तयार झालो त्या कारखान्यात प्रत्येक मोटरला बाहेर पडताना एक नंबर देतात, आणि तो नंबर सगळ्यांना एकच देतात: एक. कौतुकाने नव्हे. पुढे कोणी आमच्यातल्या चौघींना एका तारेवर बांधणार, की चाळीस जणींना, हे कारखान्याला माहीत नसतं. ज्याने विकत घेतलं त्याने आपापल्या सोयीने नंबर बदलून घ्यावेत, अशी रीत आहे. तोपर्यंत प्रत्येक मोटर स्वतःला एक नंबर समजत खोक्यात पडून असते.

अशा आम्ही चार एक नंबरच्या मोटरी एका खोक्यातून या घरी आलो.

आता घरातल्या माणसांबद्दल. सून बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या कारखान्यात यंत्रं बसवून द्यायचं काम करते. आमच्यासारख्या मोटरींना कामाला लावायचं जे सॉफ्टवेअर असतं, ते तिच्या रोजच्या हाताखालचं. तिचा नवरा प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत बसतो. दिवसभर संगणकासमोर असल्यामुळे संगणकातलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा प्रामाणिक समज आहे. आणि सासरे होते पेंटर. भिंतीवरचे नव्हे, पाट्यांवरचे. औषधांचं दुकान, शाळा, शिंपी, दातांचा दवाखाना, अर्ध्या गावाची अक्षरं त्यांच्या हातची. बाहेर फिरायला निघाले की ते रस्ता बघायचे नाहीत, पाट्या वाचायचे, आणि त्याही फक्त स्वतःच्या. सगळे त्यांना पेंटर म्हणत, मीही तेच म्हणणार.

खोकं आलं त्या दिवशी सून कामावर होती. तिला चकित करावं म्हणून पेंटरांच्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतःच आम्हाला बाहेर काढलं, चौघींना एका तारेवर ओवलं, तार लॅपटॉपला जोडली, सॉफ्टवेअर उघडलं आणि 'शोधा' असं बटण दाबलं. सॉफ्टवेअरने तारेवरून हाक मारली, एक नंबर, आहेस का? आम्ही चौघी एकदम 'आहे' म्हणालो. एकाच नावाच्या चार मुलींनी वर्गात एकदम हजेरी दिली की बाईंना जे ऐकू येतं, तेच सॉफ्टवेअरला आलं. नुसता गलबला. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं की एकही मोटर सापडली नाही.

मुलाने पुन्हा दाबलं. आम्ही पुन्हा ओरडलो. संध्याकाळी सून आली तेव्हा त्याने निकाल सांगितला, की चारही खराब निघाल्या आहेत आणि उद्या परत पाठवाव्या लागतील. सुनेने तारेकडे एक नजर टाकली, तिघींना बाजूला काढलं आणि एकीला जोडलं. सॉफ्टवेअर म्हणालं, सापडली.

"अगं, माझ्याच वेळी नेमकी बंद पडतात," मुलगा म्हणाला.

"तुमच्या वेळी चौघी एकदम बोलत होत्या," ती म्हणाली. "तुमच्या आत्याबाईंकडे सगळे असेच एकदम बोलतात, तुम्हाला कळायला हवं होतं."

मग तिने आम्हाला एकेक करून जोडलं. माझी पाळी आली तेव्हा पडद्यावर माझे सगळे गुणदोष एकाखाली एक उमटले. तिने माझा एक नंबर खोडून तिथे दोन घातला. आतापर्यंत मी स्वतःला जे समजत होते, ते तिच्या एका बोटाने गेलं. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण लगेच कळलं की आता मला हाक मारली तर मीच ओ देणार, दुसरी कोणी नाही. पहिली मोटर झाली कंबर, मी खांदा, तिसरी कोपर, चौथी मनगट. मनगटाला चमचा बांधला. असा एक हात तयार झाला आणि त्यात भार माझ्या वाट्याला आला. कोणत्याही घरात तो शेवटी खांद्यावरच येतो.

त्यानंतर तिने मर्यादा घातल्या. खाली इथपर्यंतच वळायचं, कारण तिथे टेबल आहे. वर इथपर्यंतच, कारण तिथे माणसाचं नाक आहे. जोर इतकाच लावायचा, म्हणजे मध्ये ओठ आला तर चमचा मागे हटेल. आणि इतकं तापलं की काम थांबवायचं. मी पूर्ण गोल फिरू शकते, माझ्यात यापेक्षा पुष्कळ जोर आहे. मग हे सगळं कशासाठी, असं मला तेव्हा वाटलं होतं. मर्यादा माझ्या अपमानासाठी नाहीत, माझ्यासमोर बसणाऱ्या माणसासाठी आहेत, हे समजायला मला थोडा वेळ लागला. मुलाला त्याहून जास्त लागला. मर्यादा घालून व्हायच्या आधीच तो चाचणीसाठी खुर्चीत येऊन बसला आणि त्याच्या नाकावर चमचा बसला. बायकोने मुद्दाम केलं, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे.

आता पेंटरांच्या खोलीत जाऊ. त्या खोलीचं दार जेवणाच्या वेळी बंद असायचं.

त्यामागे एक गोष्ट होती. पेंटरांचे एक जुने जोडीदार होते, तेही पाट्याच रंगवायचे. प्रत्येक अक्षराला खाली काळी सावली द्यायची त्यांना खोड, म्हणून पेंटर त्यांना सावलीवाले म्हणायचे. जन्मभर दोघांनी एकमेकांच्या कामाची चेष्टा केली आणि एकमेकांवाचून दोघांचं चाललं नाही. पेंटरांचा कंप नुकता सुरू झाला होता तेव्हा सावलीवाले जेवायला आले होते. बोलता बोलता पेंटरांच्या हातून सूपाची वाटी निसटली आणि सगळं सूप स्वतःच्याच मांडीवर गेलं. सावलीवाले हसले असते तर बरं झालं असतं. पेंटरांनी चार शिव्या दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण सावलीवाल्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघत बसले.

त्या दिवसापासून पेंटर टेबलावर आले नाहीत. खोलीत, दार लावून, सुनेच्या हातून खायचे. सावलीवाल्यांचा फोन आला की झोपलो आहे म्हणून सांग, असं सांगायचे, तेही इतक्या मोठ्याने की पलीकडे ऐकू जावं. दार बंद ठेवून माणूस हळूहळू कमी बोलायला लागतो. सुनेला भीती वाटायची ती त्याची. गरम जेवणाचं ती हसत हसत सांगायची, हे मात्र तिने नवऱ्याला एकदाच सांगितलं.

आम्हाला त्या खोलीत नेलं. ताट ठेवलं, चमच्यात मऊ भात घेतला. सुनेने बटण दाबलं. आम्ही चौघींनी मिळून चमचा उचलला, सरळ रेषेत नेला आणि बरोबर ओठांना टेकवला. एक शीत सांडलं नाही. इतकं नेमकं काम मी पुन्हा क्वचितच केलं असेल.

पेंटरांनी तोंड उघडलं नाही.

चमचा ओठांना टेकलेला, आणि ते ओठ मिटून बसलेले. मला जाणवत होतं ना, समोरून कोणी तरी ढकलत होतं. मर्यादेप्रमाणे मी मागे हटले.

"हे भरवतंय की सुई टोचतंय?" पेंटर म्हणाले. "तू भरवतेस तेव्हा निदान माझ्या तोंडाकडे बघून भरवतेस. याला माझं तोंड म्हणजे भिंतीतलं भोक वाटतं."

मुलगा बाहेरून म्हणाला की आधीच सांगितलं होतं. त्याने काय सांगितलं होतं, ते कोणाला आठवेना. आम्हाला उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं. मित्रांनो, कपाटावर धूळ खूप असते. पण त्याहून वाईट हे, की आपण काम चोख करूनही नको झालो, हे कळत असतं आणि का झालो, ते कळत नसतं.

सुनेलाही कळत नव्हतं. पण तिचा धंदाच असा, की यंत्र नीट असून काम बिघडत असेल तर दोष मांडणीत शोधायचा. एका सुटीच्या दुपारी तिने अभ्रा काढला, आम्हाला पेंटरांसमोर ठेवलं, लॅपटॉप शेजारी मांडला आणि सॉफ्टवेअरमधली एक खूण काढून टाकली. त्या खुणेने आमच्या अंगात जोर असतो. खूण गेली की जोर जातो, हात मऊ पडतो आणि कोणीही धरून नेईल तिकडे जातो. मात्र कुठून कुठे गेलो, ते आम्हाला कळत राहतं.

"बाबा, मला जमलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही धरा आणि दाखवा कसं यायला हवं ते."

पेंटरांनी बराच वेळ हात पुढे केला नाही. मग केला. त्यांची बोटं मनगटाशी लागली आणि त्यांचा कंप माझ्यापर्यंत आला, थेट माझ्या चाकांच्या दातांपर्यंत. पडद्यावर माझ्या हालचालीची रेघ उमटत होती, दातेरी, करवतीसारखी. पेंटरांचं लक्ष तिकडे गेलं आणि ते थांबले. ज्या माणसाने जन्मभर एका दमात सरळ रेघा ओढल्या, त्याला आपल्या हाताची रेघ अशी समोर दिसली.

सुनेने पडदा वळवला नाही आणि धीरही दिला नाही. तिने एवढंच विचारलं, "मग थांबायचं कुठे?"

कामाचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांना उत्तर द्यावं लागलं. त्यांनी चमचा ताटातून डावीकडे घेतला, खालून वळवला, हनुवटीच्या समोर आणला आणि ओठांपासून चार बोटं अलीकडे थांबवला.

"इथे."

"इथे कुठे? तोंड तर पुढे आहे."

"पुढचं माझं," पेंटर म्हणाले. "ब्रश कधी पाटीवर आपटत नाहीत, सूनबाई. आधी जरा अलीकडे थांबवतात. मग मी ठरवतो, टेकवायचा की नाही."

सुनेने त्या दातेरी रेघेतल्या तीनच जागा उचलल्या. निघायची, वळायची आणि थांबायची. मधलं सगळं पुसून टाकलं आणि आम्हाला सांगितलं, की या तीन जागांमधून सावकाश, न अडखळता जायचं. कंप गेला, वळण राहिलं. चार बोटांच्या पुढे जायचं नाही, अशी नवी मर्यादा तिने माझ्यावर घातली. हुकूम द्यायचं बटणही तिने आपल्याकडून काढून पेंटरांच्या पायाखाली ठेवलं.

पेंटरांनी पाय दाबला. आम्ही चमचा डावीकडून, खालून, त्यांच्या वळणाने आणला आणि चार बोटं अलीकडे थांबलो. ते बघत राहिले. मग वाकले आणि घास घेतला.

"रेघ माझीच आहे," ते चावत चावत म्हणाले. "थोडी बारीक आली."

आठवडा संपायच्या आत ते टेबलावर आले. कोणी बोलावलं नव्हतं. खोलीत टेबल लहान पडतं, असं कारण त्यांनी दिलं आणि सगळ्यांनी ते खरं मानलं.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. शेजारीपाजारी बघायला यायचे. माझ्याबद्दल कौतुकाने बोलायचे आणि माझ्यासमोरच मला 'ते यंत्र' म्हणायचे. एक अडचण मात्र लवकरच उभी राहिली. पेंटर दारामागे जितकं बोलले नव्हते, तितकं सगळं आता टेबलावर बोलून काढायला लागले. पाय दाबायचे, चमचा यायचा, चार बोटं अलीकडे थांबायचा, आणि त्यांना एखादी गोष्ट आठवायची. दातांच्या डॉक्टरने पाटीवर हसरा दात काढायला लावला होता, ती गोष्ट. शाळेच्या पाटीवर शाळेचंच नाव चुकलं होतं आणि वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, ती गोष्ट. तोवर भरलेला चमचा हवेत, आणि तो धरून उभी कोण? मी.

तुम्ही भरलेली पिशवी हात लांब करून धरून बघा. हलायचं नाही, नुसतं धरायचं. सुरुवातीला काही वाटत नाही. मग खांदा भरून येतो. माझा तापतो. सुनेने पडद्यावर माझी उष्णता पाहिली आणि एक सोय केली. धोक्याची रेघ यायच्या जरा आधीच आम्ही चमचा हळूच ताटात परत ठेवायचा, माझ्यावरचा लाल दिवा मिचकवायचा आणि थोडी विश्रांती घ्यायची. त्यामुळे पेंटरांची गोष्ट ऐन रंगात आली की चमचा खाली जायचा.

"कंटाळली माझ्या गोष्टीला," पेंटर म्हणायचे.

"ती तोंडावर सांगते एवढंच," मुलगा म्हणायचा.

आणि मग एके दिवशी पेंटर म्हणाले की त्या सावलीवाल्याला जेवायला बोलवा. कसा दिसतोय ते तरी बघू.

घरात एकदम घाई सुरू झाली. ज्या माणसामुळे दार बंद झालं होतं, त्याच्याच समोर आता जेवायचं होतं. या वेळी काही सांडलं तर दार पुन्हा उघडणार नाही, हे कोणी बोललं नाही आणि सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वांत जास्त धास्तावला तो मुलगा. बाबांची गोष्ट रंगात आली आणि सावलीवाल्यांच्या देखत चमचा खाली गेला, लाल दिवा लागला, तर? सून त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कामावर होती. त्याने लॅपटॉप उघडला, मला शोधलं आणि माझी उष्णतेची मर्यादा पार टोकाला नेऊन ठेवली. आधी चमचा खाली ठेवायची सोयही बंद केली. सॉफ्टवेअरने विचारलं, असं केल्यास मोटर निकामी होऊ शकते, खात्री आहे का? त्याने 'हो' दाबलं. दिवसभरात शंभर तिकिटांवर तो असंच 'हो' दाबत असतो.

त्याला दोष देताना एवढं लक्षात ठेवा, की हे त्याने बापावरच्या मायेने केलं होतं. यंत्रांची जितकी नासाडी आळसाने होते, तितकीच मायेनेही होते.

सावलीवाले आले. पेंटरांनी त्यांचा सदरा, केस, चष्मा, सगळ्याला नावं ठेवली. सावलीवाले म्हणाले, तुझ्या त्या औषधाच्या दुकानाच्या पाटीचा रंग उडाला, मी काल मुद्दाम बघून आलो. पेंटर म्हणाले, उडाला तो रंग, अक्षर नाही. तुझ्या पाट्यांची अक्षरं गेलीत आणि नुसत्या सावल्या राहिल्यात. जेवण असं छान चाललं होतं. पेंटरांनी पाय दाबला, चमचा चार बोटं अलीकडे येऊन थांबला, आणि सावलीवाल्यांनी पिवळ्यावर काळं शोभतं की काळ्यावर पिवळं, हा विषय काढला.

तो विषय त्या दोघांत तरुणपणापासून संपलेला नव्हता.

मी धरून राहिले. रोजची रेघ आली आणि गेली. कोणी मला खाली जा म्हणालं नाही. मी माझी उष्णता सांगत होते, पण आता ऐकणारं कोणी नव्हतं. आधी वेटोळं तापलं, मग चाकं. माझं एक चाक प्लॅस्टिकचं आहे. ते मऊ पडायला लागलं, त्याचे दात वाकले आणि शेवटी तुटले. खांदा गेल्यावर हाताला काय अर्थ? सगळा हात धाडकन टेबलावर कोसळला. चमच्यातला भात उडाला तो थेट सावलीवाल्यांच्या सदऱ्यावर.

जळका वास सुटला. सावलीवाल्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघायला लागले.

पेंटरांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. खुर्ची मागे सरकली. मी टेबलावर आडवी पडले होते, त्यांच्या हातांचा कंप लाकडातून मला लागत होता. खोलीचं दार त्यांच्या पाठीमागेच होतं.

"भिंतीकडे काय बघतोस?" पेंटर म्हणाले. "तिथे पाटी नाहीये."

सावलीवाल्यांनी मान परत इकडे वळवली. "सदरा कुठे धुवावा, त्याचा विचार करतोय."

"धुऊ नकोस. पहिल्यांदाच तुझ्यावर धड रंग बसलाय."

सावलीवाले हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. पेंटरांनी खुर्ची पुढे ओढून घेतली.

"सूनबाई, ही माझ्यापायी दमली. तू चमचा घे."

सुनेने चमचा घेतला, भात घेतला आणि जुन्या सवयीने सरळ त्यांच्या ओठांपाशी नेला.

"चार बोटं अलीकडे," पेंटर म्हणाले.

ती थांबली. चमचा हवेत धरून थांबली. पेंटरांनी सावलीवाल्यांच्या देखत तिला मुद्दाम थोडं थांबवलं, मग वाकले आणि घास घेतला. "तर काळ्यावर पिवळं," ते म्हणाले, आणि विषय राहिला होता तिथून पुढे सुरू झाला.

मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं की यांना माझी गरज नव्हती. त्यांना त्या चार बोटांची होती. मी फक्त ती सगळ्यांना दाखवून दिली होती.

सावलीवाले गेल्यावर मुलाने आपण होऊन सांगितलं.

"मर्यादा मी वाढवली होती."

"त्याने विचारलं नाही का, खात्री आहे का म्हणून?" सुनेने विचारलं.

"विचारलं. मला वाटलं, उगीच विचारतंय."

"उगीच विचारायला ते काय माणूस आहे?"

माझ्या जागी नवी मोटर आली. तीही खोक्यातून स्वतःला एक नंबर समजतच आली. सुनेने तिला माझा नंबर दिला, माझ्या मर्यादा दिल्या, आणि उष्णतेची मर्यादा या वेळी मुलाकडून घालून घेतली. मी स्वयंपाकघरातल्या एका खणात गेले. तिथे कुलपं हरवलेल्या किल्ल्या होत्या, संपलेल्या बॅटऱ्या होत्या आणि कोणत्या रिमोटचं ते कोणालाच माहीत नसलेलं एक झाकण होतं. टाकायला जीव होत नाही आणि वापरायला सुचत नाही, अशा वस्तूंची ती वसाहत. जेवणाच्या वेळी पेंटरांचा आवाज तिथे ऐकू यायचा. हसऱ्या दाताची गोष्ट मी खणात बसून पुष्कळदा ऐकली. दर वेळी दात थोडा मोठा होत गेला.

मला बाहेर काढलं ते पेंटरांनीच. त्यांची तक्रार अशी, की यंत्राचा चमचा ताटाच्या एकाच बाजूचं उचलतो आणि त्यांच्या आवडीचं नेमकं पलीकडे राहतं. ताट फिरायला हवं. आणि मग त्यांनी विचारलं, "ती जुनी कुठे आहे? खांद्याला दुखावली होती, ती? बसून करायचं काम तिला जमेल की."

सुनेने माझे स्क्रू काढले, तुटकं चाक टाकलं, नवं घातलं, दातांना ग्रीस लावलं आणि मला एकटीला तारेला जोडलं. 'शोधा' दाबलं. इतक्या दिवसांनी कोणी तरी मला हाक मारत होतं. सापडली, सॉफ्टवेअर म्हणालं, नंबर दोन. घरात आता दुसरी दोन होती, म्हणून तिने मला पाच केलं. मला काही वाटलं नाही. नंबर म्हणजे मोठेपणा नव्हे, हाक ऐकू यायची सोय आहे, हे मला आता माहीत होतं.

तेव्हापासून मी ताटाखाली बसते. पेंटरांनी दुसऱ्या पायाखालचं बटण दाबलं की ताट थोडं फिरवते. भार हलका, ताप नाही, आणि टेबलावरचं सगळं बोलणं अगदी जवळून ऐकू येतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल तर एवढंच मागते. ते तापलं असं सांगत असेल तर ऐका. थांब म्हणत असेल तर त्याचं थांबणं पुसून टाकू नका, तुमच्या भल्यासाठी असलं तरी. आणि बिघडलं तर खणात टाकण्यापूर्वी कोणता दात तुटलाय, ते एकदा उघडून बघा. बहुतेक वेळा एकच तुटलेला असतो. माणसांच्या बाबतीत हे कितपत लागू आहे, ते तुम्हीच ठरवा. तिथे उघडून बघायची सोय नाही, म्हणून चार बोटं अलीकडे थांबून विचारावं लागतं.

आता हिशोब.

पेंटरांना त्यांची खुर्ची मिळाली आणि सावलीवाले परत मिळाले. ते आता दर आठवड्याला येतात, गडद रंगाचा सदरा घालून. मुलाला शांतता मिळाली नाही, पण वाद आता घासावरून होत नाहीत, पिवळ्या-काळ्यावरून होतात, आणि तो सावलीवाल्यांच्या बाजूने बोलतो. एक सदरा सावलीवाल्यांचा गेला. एक चाक माझं गेलं, त्याच्या बदल्यात मला बैठं काम मिळालं, म्हणजे माझं खातं चुकतं झालं.

राहिली सून. परवाची गोष्ट. पेंटर शाळेच्या पाटीची हकिगत सांगत होते, चमचा हवेत होता आणि सुनेचा हात तिच्या ताटात तसाच थांबला होता. पेंटर मध्येच म्हणाले, "सूनबाई, जेव ना. गार होतंय."

"होऊ दे," ती म्हणाली. "आधी पुढे काय झालं ते सांगा."

ज्या गरम जेवणासाठी मला आणलं होतं, ते तिला अजून मिळालेलं नाही. सगळ्यांच्या वाट्याचा खर्च तिच्या ताटात पडला. तिने तो गार गोळा हसत हसत संपवला.